टच पॅडचा थ्रेशोल्ड कोडमध्ये ठोकून बसवू नका

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवर टच बटण करताना बरेच जण सीरियल मॉनिटर बघतात: समजा बोट नसताना ७०, बोट ठेवल्यावर २५. मग मधला ४० हा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखाली आकडा गेला की स्पर्श धरायचा ती सीमा, कोडमध्ये लिहून मोकळे होतात. टेबलावर ते चालतंही. पण बोटामुळे वाढणारी पॅडची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), जी ही चिप मोजते, जेमतेम काही पिकोफॅरड असते. वायर हलली, हवा दमट झाली किंवा यूएसबीऐवजी बॅटरी लावली, की आकडे सरकतात.

त्यापेक्षा बोर्ड सुरू होताच, पॅडला हात न लावता, वीसेक रीडिंगची सरासरी काढा. ती झाली बेसलाइन, म्हणजे स्पर्श नसतानाची पातळी. रीडिंग तिच्यापेक्षा बरंच खाली गेलं की स्पर्श समजा. दर लूपला रीडिंग आणि बेसलाइनमधल्या फरकाचा ६४ वा भाग तिच्यात मिळवत राहा. बेसलाइन फ्लोटमध्येच (दशांश संख्येत) ठेवा. इंटिजर (पूर्णांक) भागाकारात ६४ पेक्षा लहान फरक शून्य होतो आणि ती जागची हलतच नाही. स्पर्श चालू असेपर्यंत मात्र हे अपडेट थांबवायलाच हवं, नाहीतर बोट दाबून ठेवलेलं असतानाच बटण सुटतं.

ईएसपी३२ च्या एस२ आणि एस३ या चिपवर स्पर्श केल्यावर आकडा घटत नाही, वाढतो. जुना कोड तिथे नेताना तुलनेचं चिन्ह उलटं करा.