कोल्हापुरी बाहेर पाठवण्याआधी

नवी कोल्हापुरी चावते. आपल्याला ते पोरवयापासून ठाऊक, हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला नाही. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला की तो जोड परत पाठवतो, आणि परतीचं भाडं चपलेच्या किमतीला भारी पडतं. म्हणून कागदपत्रांच्याही आधी प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी, त्याच्या भाषेत: पहिले आठ दिवस घरातच, रोज अर्धा तास, पट्ट्यांना आतून थोडं तेल, पाण्यात नाही. करकर वाजते तो दोष नव्हे, हेही लिहा. आपण त्या आवाजाचे पैसे मोजतो, तिकडे तक्रार येते.

मापं ‘सात, आठ, नऊ’ अशी ठरवू नका. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. युरोपात लागोपाठच्या दोन नंबरांत पाऊण सेंटिमीटरही फरक नसतो. हाताने कापलेल्या तळात तेवढं सहज इकडचं तिकडे होतं. एक दिवस कारागिराशेजारी बसा आणि पट्टी लावून जोड मोजा.

मग चामडं. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-सहाचं (क्रोमने कमावलेल्या चामड्यात सापडू शकणाऱ्या घातक क्रोमियमचं) प्रमाण किलोला 3 मिलिग्रॅमच्या खाली लागतं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्यात क्रोम वापरतच नाहीत, हे आपलं हुकमी पान. पण पट्ट्यावरच्या वेणीला किंवा बाजूच्या कानाला कुणी बाजारचं क्रोम चामडं जोडलं, की पान गेलं. कारागिराला हे आधीच सांगा आणि लॉटमागे प्रयोगशाळेचा अहवाल घ्या.

पावसाळ्यात माल काढू नये. आमचे चाळीस जोड एकदा पांढऱ्या बुरशीसकट पोचले होते. तळ नीट वाळलाय का पाहा, खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका.

कागद त्या मानाने सोपे. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर 500 रुपयांत आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, बँकेकडून एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे घेणाऱ्या शाखेचा क्रमांक, आणि जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल पाठवण्याचं हमीपत्र; ते दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं, नाहीतर आधी कर भरा आणि परताव्याची वाट पाहा. एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, 6403 20: चामडी तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती चामडी पट्टे. वर्णन वाचलं तर आपलीच चप्पल. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. वीसेक जोडांची ऑर्डर असेल तर कंटेनरचं नावही काढू नका, डाकघर निर्यात केंद्रातून पार्सलं जातात. भाव सांगण्याआधी खोक्यासकट वजन मात्र करून घ्या.