विंडोज ७ आणि १० चा आधार संपला: गावातल्या मशीनचं आता काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या आसपासच्या गावांत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. ग्रामपंचायत, कृषी केंद्र, पतसंस्था, झेरॉक्सवाले, दोन-तीन शाळा आणि एक जिनिंग ही माझी गिऱ्हाइकं. सध्या सगळीकडे मला एकच वाक्य ऐकू येतं: "ताई, मशीन तं चालून राह्यली ना, मंग काहाले हात लावता?"

मशीन चालते हे खरंच आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखांना कोणाचाही पडदा काळा झाला नाही. थांबलं ते एवढंच, की सॉफ्टवेअरमध्ये सापडणारी भोकं बुजवणारे महिन्याचे अपडेट यायचे बंद झाले. भोकं मात्र सापडतच राहतात. नव्या विंडोजसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्ती येते. त्या दुरुस्तीवरून चोराला कळतं की चूक नेमकी कुठे होती, आणि तीच चूक तो जुन्या विंडोजमध्ये शोधतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा कोणी कुठल्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती, नेटवर्कवरून तो आपोआप एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये गेला. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. गुलाबी बोंडअळीसारखंच आहे हे. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, फोडलं की आत सरकी खाल्लेली.

"आमच्यापाशी चोरायले हायेच काय?" असं म्हणणाऱ्या सेवा केंद्रवाल्या दादांना मी त्यांचाच डेस्कटॉप उघडून दाखवते. आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, सातबारे, फोटो, सह्या. गावातल्या अर्ध्या घरांचे कागद त्या एका फोल्डरात असतात. हे कागद लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत, म्हणून हे काम टाळू नका.

पहिले मशीन ओळखा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी छोटी चौकट उघडेल तिच्यात विनव्हर लिहा, इंग्रजी अक्षरं डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. विंडोज कोणतं ते दिसेल. १० असेल तर त्याखाली २२एच२, म्हणजे १० ची शेवटची आवृत्ती, लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर आधी तिथपर्यंतचे अपडेट घ्या, पुढचे सगळे रस्ते तिथूनच जातात.

मग त्याच चौकटीत एम, एस, आय, एन, एफ, ओ आणि लगेच ३२ असं लिहा. प्रोसेसरची ओळ वहीत उतरवून घ्या. इंटेलचा असेल तर आय३, आय५ नंतरचा आकडा महत्त्वाचा. आय३-४१३० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय३-१०१०० म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीत रायझेन २००० च्या मालिकेपासून. रॅम किमान ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी असं कंपनी म्हणते. माझं मत विचाराल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) नसेल तर ११ च्या वाटेला जाऊ नका, सातबाऱ्याचं पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो.

तिसरी तपासणी टीपीएमची, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयीची. चौकटीत टी, पी, एम, डॉट, एम, एस, सी लिहा. आवृत्ती २.० दिसली तर झालं. "सापडत नाही" असं आलं म्हणून मशीन लगेच बाद करू नका. पुष्कळ मशीनमध्ये ती सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बायोसमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू केली की काम होतं. दुकानदाराने "ही मशीन ११ घेत नाही" असं सांगितलं, तर हे बघितलं होतं का, ते त्याला विचारा. केवळ या एका बटणासाठी चांगली मशीन विकून नवी घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

वहीत प्रत्येक मशीनपुढे ती काय काम करते हेही लिहा. मी कोणत्याही गावात गेले की पहिले हेच विचारते. टॅली चालते का, अंगठ्याचं यंत्र जोडता का, डिजिटल सहीचं टोकन लावता का, की नुसतं टायपिंग आणि फॉर्म भरणं? मशीनच्या वयापेक्षा तिच्या कामावरून निर्णय होतो.

मग कागद बाहेर काढा

बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तीन फोल्डर सगळ्यांना आठवतात. जे आठवत नाही ते सांगते.

टॅलीचा डेटा नुसता फोल्डर ओढून घेण्यापेक्षा टॅलीतूनच बॅकअप काढा. टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आहे. काढलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी धरतच नाही.

सगळ्यात जास्त रडारड होते ती मराठी मजकुराची. ग्रामसभेचे ठराव, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले वर्षानुवर्षं कृती देव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. नव्या मशीनमध्ये तो फाँट नसला की सगळा ठराव इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि सरपंच म्हणतात, "फाइल खराब झाली." फाइल चांगली असते. म्हणून जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातला फाँट्सचा फोल्डर पूर्ण उचलून ठेवा. शिवाय महत्त्वाचे ठराव आणि रजिस्टरं जुन्या मशीनवर असतानाच पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फाँट बहुतेक वेळा सोबत जातो, तरी एकदा मोबाइलवर उघडून खात्री करा. आणि यापुढचं टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे फाँट बदलला तरी वाचता येणाऱ्या अक्षरांत, करा. नवीन मुलं इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिकली आहेत, त्यांना त्रास नाही. जुन्या टायपिस्टांना महिनाभर जड जातं, पण पुढच्या वेळी मशीन बदलताना हा घोळ होत नाही.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत लिहा, आणि कोणत्या पोर्टलला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे तेही. बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाच्या नंबरवर ओटीपी जातो हे काम अडकल्यावर कळतं. मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की काढून कागदावर ठेवा. बायोसला हात लावला की ती मागितली जाऊ शकते, आणि नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळत नाही.

आता रस्ता निवडा

मशीन ११ घेणारी असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच घ्या. परवानाधारक १० वरून ११ फुकट मिळतं. हे काम इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असेल त्याच दिवशी करा. भारनियमनाच्या वेळापत्रकावर आपल्याकडे कोणी शपथ घेऊ शकत नाही, आणि अपडेट अर्ध्यात असताना लाइन गेली तर मशीन उठत नाही असंही होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर काही जीबी डेटा शिल्लक आहे का ते आधी बघा.

मशीन १० वरच अडकली असेल, पण बाकी धडधाकट असेल, तर व्यक्तिगत वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जच्या विंडोज अपडेटमध्येच नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मशीनच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका नोंदणीवर दहापर्यंत मशीन चालतात. कार्यालयाच्या डोमेनला, म्हणजे एका ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला, जोडलेल्या मशीनला ही सोय नाही. ही मुदत नवी मशीन घ्यायला पैसा जमवण्यासाठी वापरा, तिच्यावर कायमचं विसंबू नका. "आमच्याकडे अँटिव्हायरस आहे" हेही पुरेसं नाही. विंडोजमधल्याच डेफेंडर या अँटिव्हायरसला १० वर व्हायरसच्या नव्या खुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण तो चोर ओळखतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही. जाता जाता, ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

विंडोज ७ वाल्यांना वाढीव मुदत नाही. क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबलं, म्हणून एकेक पोर्टल नीट उघडेनासं होतं. मशीन फक्त फॉर्म, टायपिंग आणि इंटरनेटसाठी असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकते, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. २ जीबी रॅमवर ते सुरू होतं, ४ जीबीवर नीट चालतं. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी टाकली तर फरक लगेच जाणवतो. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

पद्धत अशी. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा, सुमारे ३ जीबीची असते. गावात नेट हळू असेल तर तालुक्याला जाऊन उतरवा. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मशीन सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच उघडतं. लगेच इन्स्टॉल करू नका. त्याच अवस्थेत तासभर बसा. वायफाय लागतं का, मराठी टाइप होतं का, रोजची पोर्टलं उघडतात का ते बघा, आणि प्रिंट काढून बघा.

प्रिंटरचं विशेष सांगते, कारण इथेच सगळे अडतात. झेरॉक्सच्या दुकानांत जागोजागी कॅननचा एलबीपी २९०० आहे. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि खटपट करावी लागते. एचपीच्या १०२० ला एक जोडफाइल इंटरनेटवरून घ्यावी लागते, मग चालतो. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेचे प्रिंटर सहसा फार त्रास देत नाहीत. तुमचा २९०० असेल आणि दिवसभर प्रिंटचंच काम असेल, तर लिनक्सचा विचार दुसऱ्या मशीनसाठी ठेवा.

टॅली चालवणारी मशीन विंडोजवरच ठेवा. अंगठ्याचं यंत्र आणि सहीचं टोकन असलेल्या मशीनबाबतही माझा हाच सल्ला आहे. दुकानात एकच नवी मशीन घेता येत असेल तर ती या कामाला द्या आणि जुनी लिनक्सवर फॉर्मसाठी. पैसा असा वाटला तर लागतो कमी.

जिनिंगच्या वजनकाट्यासारखी काही मशीन अशी असतात की काट्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालतं. तिथे माझा उपाय एकच: केबल काढा, वायफायचं कार्ड बंद करा, मशीनला इंटरनेट दाखवूच नका. पावत्यांचा डेटा न्यायला एक पेनड्राइव्ह राखून ठेवा, तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही, आणि ऑफिसच्या मशीनवर उघडण्याआधी दर वेळी तपासायचा. हंगामात दिवाणजींना ही कटकट वाटते. त्यांना समजावून सांगा की काट्याची मशीन बसली तर गाड्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यावर जाईल.

एक रस्ता मात्र घेऊ नका. तालुक्याला थोड्या पैशांत "११ टाकून देतो" म्हणणारे पुष्कळ आहेत. ते चोरीची प्रत टाकतात आणि परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा ॲक्टिव्हेटर चालवतात. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच समजून घ्या. जुन्या विंडोजमध्ये चोर येण्याची शक्यता असते, इथे आपण स्वतः दार उघडून त्याला आत घेतो. "तुमचं विंडोज संपलं, मी कंपनीतून बोलतो" असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनी असा फोन करत नाही. ॲनीडेस्कसारखं, दुरून तुमची मशीन चालवू देणारं काही टाकायला सांगितलं आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

हे सगळं कधी करायचं? जून-जुलैत दाखले आणि पीक विमा, तेव्हा मशीनला हात लावू नका. पोळ्याच्या आसपास गर्दी ओसरते, तेव्हा एकेक मशीन घ्या, सगळ्या एकदम नाही. जुनी मशीन नवीनच्या शेजारी महिनाभर तशीच राहू द्या, काहीतरी विसरलेलं निघतंच.

त्यानंतर ती भंगारात द्यायची असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या. फाइली डिलीट केल्याने आधार कार्डं जात नाहीत, फॉरमॅट केलं तरी परत काढता येतात. कॅबिनेटचे दोन स्क्रू, डिस्कचे चार, दोन केबल, एवढंच काम आहे. डिस्क चांगली असेल तर पूर्ण पुसून बॅकअपला वापरा. खराब असेल तर आतल्या चकत्यांना ड्रिलने भोकं पाडा, मगच भंगारवाल्याच्या गाडीत टाका.