चर्चने दुखावलेल्या माणसाला येशूविषयी सांगताय? या चुका टाळा

माणूस चर्चला यायचा बंद झाला की आपण लगेच म्हणतो, 'विश्वास थंडावला.' बहुतेक वेळा तसं काही नसतं. रविवारी आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे भागातल्या चर्चमध्ये, न फिरकणारी बाई बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, मेणाचं घर हातात घेऊन रांगेत उभी असते. देव तिला हवाच आहे. ज्या बाकावर तिच्याकडे बघून कुजबुज झाली, तो बाक नको आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चर्चची वकिली. 'सगळेच काही तसे नसतात', 'पाळकसाहेबांच्या मनात तसं नव्हतं', 'माणसाकडे बघू नका, देवाकडे बघा'. यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण समोरच्याला ऐकू येतं ते इतकंच, की हाही त्यांच्यातलाच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय नीट वाचा. डोळे उघडलेल्या जन्मांधाला सभास्थानातून बाहेर काढतात. ३५ व्या वचनात ही बातमी येशूच्या कानावर जाते आणि तो त्याला गाठतो. 'आधी परत आत जा, त्यांची माफी माग' असं येशू म्हणत नाही. अम्माऊस गावाच्या वाटेवर निराश होऊन चाललेल्या दोन शिष्यांनाही तो आधी विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? मग त्या दोघांचं सगळं ऐकून घेतो. शास्त्र उलगडतो ते नंतर. आपणही 'नक्की काय झालं होतं?' एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. पहिल्या भेटीत बायबल पिशवीतच राहू द्या.

भेटायचं कुठे, हेही महत्त्वाचं. चाळीतल्या खोलीत पार्टिशनपलीकडे शेजारी ऐकतात आणि सासूसमोर सून बोलत नाही. स्टेशनजवळचं हॉटेल किंवा दुपारची बाग बरी. पाऊण तास पुरतो. बाई असेल तर बाईनेच भेटावं.

दुसरी चूक थोडी किचकट आहे: नेमकं कशाने नाकारलं गेलं, हे न तपासताच सांत्वन करणं. तो खरोखर नियम होता, जुना झालेला नियम होता, की कुणाचा तरी उद्दामपणा? कॅथलिक घरांत अजून ऐकू येतं की घटस्फोट झाला म्हणजे कम्युनियन (मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) बंद. पुन्हा लग्न केलं नसेल तर केवळ घटस्फोटामुळे ते बंद होत नाही. पुन्हा लग्न केलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण तेही बहिष्कृत नाहीत. पहिला विवाह मुळात वैध होता का, हे धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, न्यायालयात तपासून घेता येतं. पूर्वी विवाह अवैध ठरायला दोन निकाल लागायचे, ८ डिसेंबर २०१५ पासून एक पुरतो, अपील झालं नाही तर. आत्महत्या केलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारणारा जुना नियम कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत उरलेला नाही. ज्या आईला वर्षानुवर्षं उलटं सांगितलं गेलं, तिच्यासाठी ही माहिती म्हणजेच शुभवर्तमानाची सुरुवात आहे.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत कारणं वेगळी असतात: थकलेली वर्गणी, धर्माबाहेरचं लग्न, कमिटीतली भांडणं. आणि जात. जातीवरून कुणाला खाली पाहिलं असेल तर 'गैरसमज झाला असेल' म्हणू नका. ते पाप होतं, असं स्पष्ट म्हणा.

पाळकाकडून, फादरकडून किंवा पुढाऱ्याकडून अत्याचार झाला असेल, तर क्षमेचा विषय तुम्ही काढूच नका. १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर १०९८.

चांगल्या मनाने होणारी एक चूक फार घात करते, ती म्हणजे 'प्रार्थनेचा विषय'. त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं शुक्रवारच्या घरगुती सभेत नाव घेऊन मांडलं, की रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळतं. प्रार्थना घरी दार लावून करा. न विचारता मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालणं, रोज पहाटे वचनं पाठवणं, 'आलात तर आजार बरा होईल' असं आश्वासन देणं, हेही नको.

आणि लगेच 'या रविवारी याच' म्हणू नका. भरलेल्या चर्चमधून मधल्या वाटेने चालत जाणं ही त्याच्यासाठी सगळ्यात अवघड पायरी. आधी काही भेटींत शुभवर्तमानातला एकेक छोटा भाग सोबत वाचा, लूक १५ किंवा योहान २१. त्याने स्वतःहून विचारलं तर आधी आठवड्यातल्या दुपारी, चर्च रिकामं असताना न्या. जुन्या चर्चचा धसका असेल तर दुसऱ्या. मग उपासना. शेवटचा बाक, दाराजवळची बाजू, आणि मध्येच उठावंसं वाटलं तर तुम्हीही सोबत उठायचं, हे आधीच ठरवा. कम्युनियनच्या रांगेत ढकलू नका, तुम्हीही बसून राहिलात तर त्याला एकटं वाटत नाही. दारात 'इतके दिवस कुठे होतात?' हा प्रश्न हमखास येतो. ज्या दोघातिघांना भेटणार, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की फक्त 'सलाम' म्हणा. बाहेर पडल्यावर 'कसं वाटलं?' विचारू नका. चहा घ्या आणि त्याला स्टेशनपर्यंत सोडा.