इंडक्शन शेगडी तापून मध्येच बंद पडते? या चुका टाळा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन दिवस होते आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरी नेवऱ्या (करंज्या) तळायचं काम चाललं होतं. गॅसच्या एका बर्नरवर चून, म्हणजे नेवऱ्यांचं सारण, दुसऱ्यावर कुकर, म्हणून तेलाची कढई इंडक्शन शेगडीवर चढवली. तिसरा घाणा काढत असतानाच शेगडी टूं टूं करून बंद पडली. पाच मिनिटांनी चालू झाली आणि पुन्हा बंद. जाऊबाईंनी काचेवर ओलं फडकं पसरलं, मी टेबलफॅन तिच्याकडे वळवला, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की शेगडी आता जुनी झाली.

चवथ उरकल्यावर ती दुरुस्तीला नेली. त्या माणसाने ती आधी उलटी केली. खालच्या जाळीत तेल आणि पिठाचा चिकट थर बसला होता, आणि ज्या मेणकापडावर ती आम्ही वर्षभर ठेवत होतो त्याची नक्षी तळाशी उमटली होती. ‘वयनी, हाका वारो मेळना,’ एवढंच तो म्हणाला. शेगडीत काही बिघडलं नव्हतं. तिला वाराच मिळत नव्हता.

तेव्हापासून शेजारीपाजारी कुणाची शेगडी तापून बंद पडली, की मी एकच विचारते: उष्णता वरून चढते आहे की खालून?

या शेगडीत काच स्वतः तापत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज खेळते आणि बूड तापतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. हा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा एक ट्रान्झिस्टर आत असतो. काम करताना तो चांगलाच तापतो, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या खाचांच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो आणि खालचा पंखा त्या ठोकळ्यावर सतत वारा मारतो. तापमान बघायला साधारण दोन सेन्सर असतात: एक काचेच्या पोटाला मधोमध चिकटलेला, दुसरा त्या ट्रान्झिस्टरपाशी. दोहोंपैकी एकाने जरी मर्यादा ओलांडली, तरी शेगडी स्वतःला वाचवायला बंद होते. भांडं जास्त तापलं तर ती उष्णता वरची, वारा कमी पडला तर ती खालची.

खालची उष्णता: वारा अडवू नका

पंधरा-वीस मिनिटं नीट चालून मग बंद पडत असेल, तर पहिला संशय वाऱ्यावर घ्या. बहुतेक शेगड्या हवा तळातून ओढतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. खाली मेणकापड, वर्तमानपत्र किंवा जाड टॉवेल असेल तर पंख्याच्या ओढीने तो जाळीला जाऊन चिकटतो. शेगडी उघड्या कडाप्प्यावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा, तिचे चारही रबरी पाय शाबूत आहेत ना ते बघा, आणि मागे, बाजूला निदान वीतभर जागा सोडा. भिंतीला टेकवली तर बाहेर टाकलेली गरम हवाच ती पुन्हा आत ओढते. पेटत्या गॅसच्या शेजारी ठेवणं याहून वाईट, कारण आत जाणारी हवा आधीच तापलेली असते. पत्र्याच्या किंवा स्टीलच्या टेबलावरही ठेवू नका, खालचा धातूही तापू शकतो.

पंखा चालतो आहे का, हे कळायला शेगडी चालू करून कागदाची पट्टी हवा सोडण्याच्या फटीपाशी धरा. पट्टी फडफडली नाही, किंवा पंख्याचा घरघराट ऐकू आला, तर पंखा अडकला आहे किंवा त्याचं बेअरिंग गेलं आहे. पंखा पूर्ण थांबला असेल तर शेगडी वीस मिनिटंही टिकत नाही, काही मिनिटांतच बंद होते.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलेलं आहे. कित्येक घरांत इंडक्शन शेगडी सिलिंडर संपला तरच खाली उतरते. जून ते सप्टेंबर ती कपाटात दमट हवेत पडून राहते, किनाऱ्याजवळच्या घरांत तर खारी हवाही असते. पंख्याच्या दांड्याला गंज चढतो, आत मुंग्या घर करतात, कधी पाल अंडी घालते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना प्लग काढलेला असतानाच ती उलटी करा, कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा, आणि आधी नुसतं पाणी उकळून बघा. पाण्याचा फवारा किंवा ओलं फडकं जाळीला लावू नका.

वरची उष्णता: भांडं चुकतं

याबाबतीत आपल्या स्वयंपाकघराची अडचण खरी आहे. माशांचं हुमण मातीच्या कुंडल्यात केलेलं लागतं तसं स्टीलच्या टोपात लागत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मातीचं भांडं या शेगडीवर तापत नाही. मग दुकानातून लोखंडी चकती आणून ती काचेवर ठेवायची आणि वर कुंडलं, असा मार्ग काढला जातो. तसं करू नका. तापते ती चकती. माती उष्णता सावकाश घेते, म्हणून चकतीतली बरीचशी उष्णता खाली काचेत उतरते आणि मधला सेन्सर थोड्याच वेळात शेगडी बंद करतो. पूर्ण ताकदीवर हेच रोज चाललं तर काचेखालच्या वेटोळ्यालाही त्रास होतो. कुंडलं गॅसवर किंवा चुलीवरच ठेवा.

दुसरी चूक गोल बुडाच्या कढईची. ती काचेला एका ठिपक्यापुरतीच टेकते. ज्या कढईचं बूड मध्ये वर उचललं गेलंय तिथे उलट होतं: सेन्सरच्या डोक्यावर हवेची पोकळी राहते, त्याला खरं तापमान उशिरा कळतं आणि तोवर तेल धुरायला लागलेलं असतं. ही भीती मला शेगडी बंद पडण्यापेक्षा मोठी वाटते. तळण सपाट, जाड बुडाच्या भांड्यात, मध्यम ताकदीवर करा, आणि तेल तापत असताना तिथून हलू नका. भांडं सपाट आहे का, ते पट्टी बुडाला आडवी लावून बघा, मधून उजेड दिसता कामा नये. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. तांबं, ॲल्युमिनियम आणि पुष्कळसं स्टेनलेस स्टील इथे चालत नाही.

फोडणीला रिकामं भांडं २००० वॅटवर तापत ठेवणं ही रोजची चूक आहे. गॅसवर तव्याला वेळ लागतो, त्या सवयीने आपण तेल शोधायला वळतो. इथे पातळ बूड एका मिनिटातही भलतं तापतं. तेल आधी, बटण मग.

कुठे अडलंय ते शोधायचं

शेगडी अर्धा तास थंड होऊ द्या. मग सपाट बुडाच्या, चुंबक चिकटणाऱ्या दुसऱ्या टोपात एक लिटर पाणी घेऊन १८०० वॅटवर ठेवा. चारेक मिनिटांत उकळी यायला हवी. पाणी व्यवस्थित उकळलं आणि शेगडी बंद पडली नाही, तर दोष बहुधा तुमच्या नेहमीच्या भांड्यात आहे; मात्र ती पंधरा-वीस मिनिटांनीच बंद पडत असेल, तर वाऱ्याचाही संशय सोडू नका. पाणी असूनही बंद पडली, तर पंखा, साचलेली धूळ किंवा सेन्सर. पडद्यावर ई अक्षरापुढे आकडा दिसला तर तो लिहून ठेवा, पण अर्थ पुस्तिकेतच बघा, कारण तो कंपनीगणिक बदलतो.

प्लग हाताला गरम लागला तर शेगडी सोडून बोर्डाकडे बघा. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपियर. ६ अँपियरच्या सॉकेटचं किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डाचं ते काम नाही. शेगडीला १६ अँपियरचं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग लागतं.

काही गोष्टी बिघाड नसतात. कमी ताकदीवर शेगडी थांबून थांबून चालते, काही भांडी गुणगुणतात, आणि स्वयंपाक संपल्यावरही पंखा मिनिटभर फिरतो. तो फिरत असताना भिंतीवरचं बटण बंद करू नका. आतली उष्णता बाहेर काढायची ती वेळ असते, आणि घाईने वीज तोडली की ती आतच कोंडते. आमच्या घरात हे रोज होत असे.

काचेला तडा गेला, जळका वास आला किंवा सॉकेट काळवंडलं, तर शेगडी पुन्हा चालू करून बघू नका. ती घरी उघडूही नका. आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, तीनशेहून अधिक व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरतील याचा भरवसा नसतो. आमच्या शेगडीची आतली साफसफाई दुरुस्तीवाल्यानेच केली. मेणकापड त्याच दिवशी काढलं, आणि पुढच्या चवथीला त्याच शेगडीवर, सपाट बुडाच्या कढईत, सगळ्या नेवऱ्या न थांबता तळून झाल्या.