विलंबाची हमी लिहून देण्याआधीची तयारी

नेटवर्कवरून जाणारं डेटाचं ‘पॅकेट इतक्या मिलिसेकंदांत पोहोचेलच’ असं लिहून द्यायची वेळ आली की हात आधी शेड्युलरच्या (रांगेतलं कोणतं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगकडे जातो. तो जरा आवरा. हमी कशाची द्यायची आहे ते आधी कागदावर एका वाक्यात उतरवा: सरासरी विलंबाची, शंभरातल्या नव्व्याण्णव पॅकेटांची, की एकूण एक पॅकेटाची? सरासरी मोजून काढता येते. एकूण एक पॅकेटाची हमी मात्र गणितानेच काढावी लागते, कारण सगळ्यात वाईट योगायोग तुम्ही मोजत बसलेल्या आठवड्यातच जुळून येईल असं नाही. पुढचं सगळं या तिसऱ्या, कडक हमीसाठी आहे.

मग आकडा ठरवा आणि त्यातून जे शेड्युलरच्या हातात नाही ते आधीच वजा करा. संभाषणासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत राहायला सांगते. त्यातले २० मिलिसेकंद बहुधा आवाजाचा तुकडा गोळा करून पॅकेट भरण्यातच जातात. फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. पलीकडच्या टोकाला विलंबातला चढउतार सावरणारा बफरही आपला वाटा घेतो. उरेल तेवढंच रांगांसाठी.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचं काम: प्रत्येक प्रवाहाचा (एका स्रोताकडून येणाऱ्या पॅकेटांच्या ओघाचा) बर्स्ट, म्हणजे एकदम येणारा लोंढा, शोधा. दर सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण एका दमात किती बिट येऊन आदळतात हे विचारलं की उत्तर मिळत नाही, आणि विलंब ठरतो तो तिथेच. कॅमेऱ्याचा सरासरी दर ४ एमबीपीएस (सेकंदाला ४० लाख बिट) असला तरी पूर्ण चित्राची फ्रेम तो पोर्टच्या पूर्ण वेगाने बाहेर सोडतो. म्हणून स्रोताजवळ पॅकेटांची नोंद घ्या आणि कागदावर एक टोकन बकेट चालवा: ठरवलेल्या दराने बकेट भरत राहील, प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतकी टोकन घेऊन जाईल. टोकन कधीच कमी पडू नयेत यासाठी बकेट किती मोठं लागतं तो आकडा टिपा. त्यात थोडी सूट ठेवा आणि नेटवर्कच्या दारातच शेपर (जास्तीची पॅकेटं थांबवून ठरल्या मापाने आत सोडणारी यंत्रणा) बसवून तो आकडा सक्तीचा करा. शेपरमध्ये पॅकेट थांबतं तो वेळही विलंबात धरायचा, हे विसरू नका. दारात सक्ती नसेल तर आतला कितीही हुशार शेड्युलर कडक हमी पाळू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे हाताशी आलं की शेड्युलर निवडायचा. वेटेड फेअर क्यूइंगचा, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला त्याच्या ठरलेल्या वाट्याच्या प्रमाणात लिंक वाटून देणाऱ्या पद्धतीचा, पाया डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ मध्ये घातला. पारेख आणि गॅलेगर यांनी १९९३–९४ मध्ये दाखवलं की टोकन बकेटने बांधलेल्या प्रवाहाला या पद्धतीत पक्की विलंबमर्यादा मिळते. ती हाताने काढून बघाच. समजा बकेट १२,००० बिटांचं, राखून ठेवलेला दर २ एमबीपीएस, पॅकेट २०० बाइटचं आणि वाटेत १०० एमबीपीएसचे पाच टप्पे (एका उपकरणापासून पुढच्यापर्यंतच्या लिंक). बर्स्टमुळे ६ मिलिसेकंद, पहिला सोडून उरलेल्या चार टप्प्यांवर आपल्याच एकेका पॅकेटापायी मिळून ३.२, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याचं एखादं मोठं पॅकेट आधीच निघालेलं असल्यामुळे सगळे मिळून ०.६. एकूण ९.८ मिलिसेकंद. बर्स्ट पाच टप्प्यांवर पाचदा मोजावा लागला नाही, एकदाच मोजला. मला या निकालातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. दर दुप्पट राखला तर मर्यादा ५.२ वर येते.

डेफिसिट राउंड रॉबिन (प्रत्येक रांगेला पाळीपाळीने ठरावीक वाटा देणारा शेड्युलर) चालवायला हलका आहे आणि वाटप न्याय्य करतो, पण आपली पाळी येईपर्यंत बाकीच्या सगळ्या रांगांचा वाटा संपावा लागतो, त्यामुळे मर्यादा बरीच सैल निघते. उपकरणाच्या मेनूत एक नाव आणि आत दुसरीच पद्धत असू शकते, म्हणून कागदपत्रं नीट वाचा. सरळ प्राधान्य (वरच्या वर्गाचं पॅकेट नेहमी आधी) सोपं आहे, पण वरच्या वर्गात कोण किती पाठवतं यावर बंधन हवं, नाहीतर खालचे उपाशी राहतात आणि वरचेही एकमेकांत अडकतात. अनेक प्रवाह एकाच प्राधान्य-रांगेत कोंबणार असाल तर शार्नी आणि ल बुदेक यांची २००० सालची अट तपासा: कुठल्याही रचनेच्या नेटवर्कमध्ये सर्वांत लांब वाट h टप्प्यांची असेल तर त्यांची विलंबमर्यादा लिंकच्या क्षमतेतला प्राधान्याच्या रहदारीचा वाटा १/(h−१) पेक्षा कमी असतानाच लागू होते. सहा टप्पे म्हणजे २० टक्क्यांच्या आत.

संथ लिंक वेगळ्या काढा. १५१८ बाइटची फ्रेम १०० एमबीपीएसवर ०.१२ मिलिसेकंद वाट अडवते, २ एमबीपीएसवर ६. तिथे मोठी पॅकेटं तोडावी लागतील, नाहीतर वाट बदलावी लागेल.

न दिसणाऱ्या रांगाही शोधा. नेटवर्क कार्डाच्या रिंगमध्ये (त्याच्या स्वतःच्या बफरमध्ये), मोडेमच्या पोटात पॅकेटं साचत असतील तर तुमचा शेड्युलर रिकाम्या रांगेवर पहारा देत बसतो. त्याचा दर पुढच्या लिंकच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवा, म्हणजे रांग त्याच्याच ताब्यात राहते.

राखलेल्या दरांची बेरीज प्रत्येक लिंकवर लिहून ठेवा, आणि नव्या प्रवाहाला ‘जागा नाही’ म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे ते आधीच ठरवा. लिंक तुटल्यावर पर्यायी वाटेवर हीच बेरीज बसते का, तेही बघा.

शेवटी चाचणी. दोन्ही टोकांची घड्याळं पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं अचूक जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळवा. जाऊन-येऊन लागलेला वेळ निम्मा करू नका, कारण दोन्ही दिशांच्या रांगा सारख्या नसतात. मग सगळ्या स्रोतांचे बर्स्ट मुद्दाम एकाच क्षणी सोडा, जोडीला बाकीची रहदारी सर्वांत मोठ्या पॅकेटांनी भरून. सगळ्यात जास्त विलंब मर्यादेच्या बराच खाली आला तर ते अपेक्षितच आहे. एक जरी पॅकेट वर गेलं तर हमीचा कागद बाजूला ठेवा आणि त्या पॅकेटाच्या वाटेवरचा एकेक टप्पा पुन्हा तपासा, सुरुवात दारातल्या शेपरपासून.