ट्विन कॅम हार्लेचे टेन्शनर आणि ऑइल पंप बदलताय? या चुका टाळा

१९९९ ते २००६ च्या ट्विन कॅम ८८ इंजिनाच्या हार्लेत कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन दांड्यांच्या, साखळ्या स्प्रिंगच्या टेन्शनरने ताणलेल्या असतात. फक्त २००६ च्या डायना मॉडेलना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, टेन्शनर आले होते. भारतात कंपनीने २०१० पासून विकलेल्या ट्विन कॅम गाड्यांतही हायड्रॉलिकच आहेत. त्यामुळे हे दुखणे मुख्यतः अमेरिकेत जुनी हार्ले घेतलेल्यांचे.

टेन्शनरचा शू, म्हणजे साखळीवर टेकणारा तुकडा, प्लॅस्टिकचा. साखळी त्याला घासत राहते आणि चुरा तेलात उतरतो. म्हणून नुसता शू बदलून कव्हर लावणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चुरा पंपात गेलेला असतो, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकलेला असतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर नवा पंपही दाब धरत नाही. कॅमना आधार देणाऱ्या प्लेटमधल्या तेलवाटा हवेने साफ करा, तेल आणि फिल्टर बदला.

किट घेताना जोड्या जुळवा. २००७ ची प्लेट जुन्या कॅमना चालत नाही. जुने कॅम ठेवायचे तर त्यांच्यासाठीच बनलेली हायड्रॉलिक प्लेट घ्या. साखळीऐवजी गिअर बसवायचे असतील तर आधी क्रँकच्या टोकाला डायल गेज लावा. रनआउट, म्हणजे फिरताना टोकाचे डगमगणे, ०.००३ इंचाच्या वर असेल तर गिअरचा विचार सोडा. आतली नीडल बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या, सुया धरणारा पिंजरा नसलेली.

आता पंप. इथे घाई करू नका, कळकळीने सांगतो. हा पंप क्रँकच्या टोकावरच फिरतो, त्यामुळे तो मध्यावर बसला नाही तर एका बाजूला घासतो. प्लेटचे बोल्ट आधी आवळा, पंपाचे चारही तोवर हातानेच लावा. स्पार्क प्लग काढून, टॉप गिअरमध्ये मागचे चाक फिरवत फिरवत पंपाचे समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा. शेवटचा टॉर्क ९० ते १२० इंच-पाउंड. याला फूट-पाउंड समजलात तर केसचे आटे गेलेच.

पंपामागची ओ-रिंग माझ्याकडून एकदा चिमटली होती. गाडी जड चालायला लागली आणि एअर क्लीनरमधून तेल यायला लागले. पंप तेल ओढण्याऐवजी हवा ओढत होता, म्हणून तेल क्रँककेसमध्येच साठत होते. दोन दिवसांचे काम पुन्हा खोलावे लागले. ओ-रिंग नवीच घ्या, तेल लावून बसवा.

पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या) लावल्यावर त्यांच्याखालच्या टॅपेटमधले तेल बाहेर पडू द्या. पुशरॉड बोटांनी फिरेपर्यंत इंजिन फिरवू नका, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतात. सुरू करण्याआधी प्लग काढूनच स्टार्टर मारून दाब येऊ द्या. इंजिन पूर्ण तापल्यावर २००० आरपीएमला ३० ते ३८ पीएसआय दिसायला हवेत. आयडलला काटा बराच खाली येतो, त्याला घाबरू नका. २००० लाही तो चढत नसेल तर इंजिन लगेच बंद करा आणि पहिल्यांदा रिलीफ व्हॉल्व्ह काढून बघा.