सराफ्याच्या ओट्यावरून पटावर: एआयला सोबत घेऊन बोर्ड गेम कसा बनवावा

इंदूरच्या सराफ्यात रात्री नऊच्या सुमारास एक गोष्ट बघण्यासारखी असते. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं एकेक करून पडत जातात आणि पडलेल्या प्रत्येक शटरपुढच्या ओट्यावर कुणाची तरी कढई चढते. एखादा सराफ हिशोबात अडकला, तर त्याच्या ओट्याचा मानकरी भुट्ट्याचा म्हणजे मक्याच्या कणसाचा कीस झाकून बाजूला उभा राहतो. त्याचं ते वाट बघणं मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि माझ्या पहिल्या बोर्ड गेमचं बीज तिथेच मिळालं. हा खेळ बनवताना मी एआयची भरपूर मदत घेतली. कुठे घ्यावी आणि कुठे घेऊ नये, हे करता करता कळत गेलं. तेच पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: आधी एक क्षण शोधा, एआय नंतर उघडा

मी उलटं केलं होतं. आधी चॅटबॉटला म्हटलं, सराफ्यावर बोर्ड गेमच्या दहा कल्पना दे. दहाही आल्या, पण सगळ्यांत व्यापारी, नाणी आणि शेवटी ‘ज्याच्याकडे जास्त पैसे तो जिंकला’. सराफ्याच्या जागी कुठलाही बाजार घातला असता तरी चाललं असतं. ही यंत्रं असंख्य लोकांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकलेली असल्यामुळे सर्वांत रुळलेली वाट त्यांना आधी दिसते. ओट्यापाशी ताटकळणारा माणूस त्या वाटेवर भेटत नाही.

म्हणून वहीत एकच वाक्य लिहा: खेळणाऱ्याचा हात कुठल्या क्षणी हवेत थांबला पाहिजे? माझं वाक्य होतं, ‘मिळालेला लांबचा ओटा घेऊ, की राजवाड्याजवळच्या ओट्यासाठी थांबू?’ (राजवाडा म्हणजे होळकरांचा जुना वाडा, सराफ्याच्या जवळच.) एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी थोड्या हातांत गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे मोनोपॉलीची मुळं त्याच खेळात निघाली. ज्याच्या पोटात काही खदखदतंय, त्याच्याच खेळाला जीव येतो, असं मी मानतो.

पायरी २: त्याच संध्याकाळी कागदावर मांडा

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे मी १२ दुकानं काढली आणि एका रांगेत लावली. राजवाड्याकडून गिऱ्हाईक येतं. शटरं मात्र लांबच्या टोकापासून पडायला लागतात. पाळीला ५ कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी शटरं पाडायची. रिकाम्या ओट्यावर ठेला लावा किंवा थांबा. ठेले चार: कीस, गराडू (तळलेला कंद), जलेबा (मोठी जिलबी), शिकंजी (थंड पेय). बस्स. सुबक पट, रंगीत सोंगट्या आत्ता नकोत. छान रंगवलेला नियम खोडायला हात धजत नाही.

पायरी ३: नियम एआयला द्या, पण परीक्षक म्हणून

इथे मात्र हे यंत्र खरंच कामाला येतं. मी असं लिहिलं: ‘हे नियम पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसासारखे वाच. नवे नियम सुचवू नकोस. जिथे दोन अर्थ निघतात, जिथे खेळ अडकतो, जिथे नियमच नाही, तेवढंच दाखव.’ मधलं वाक्य विसरू नका, नाहीतर तुमचा खेळ बघता बघता कुणाचाही होतो.

त्याने लगेच विचारलं, पाचही कवड्या पालथ्या पडल्या तर? तीनच दुकानं उघडी असताना चार उताण्या पडल्या तर? दोन्हींचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. पहिल्याचं मी ठरवलं: त्या पाळीला सराफ हिशोबात अडकला, कुणीच ठेला लावायचा नाही.

पायरी ४: आकडेमोड करून घ्या आणि घरी तपासा

पाचही कवड्या उताण्या पडण्याची शक्यता एआयने ३२ मध्ये १, म्हणजे सुमारे ३ टक्के सांगितली. गणित बरोबर, पण त्यामागे एक गृहीतक आहे: कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते. घरची कवडी काही नाणं नव्हे, तिची पाठ फुगीर असते. समजा ती शंभरात चाळीस वेळाच उताणी पडत असेल, तर पाचही उताण्या पडण्याची शक्यता १ टक्क्यावर येते, जवळजवळ एक तृतीयांश! तेव्हा एक दुपार काढा, तुमच्याच कवड्या २०० वेळा टाका, मोजा आणि तो आकडा एआयला द्या. हे काम त्याला करता येत नाही, कारण कवड्या तुमच्या डब्यात आहेत.

मग त्याच्याकडून तुमच्या नियमांनी १००० डाव खेळणारा छोटा प्रोग्रॅम लिहून घ्या आणि स्वतः चालवा. ‘खेळ संतुलित आहे का?’ असं नुसतं विचारलंत तर तो न खेळताच ठाम उत्तर देईल. बोलणारं यंत्र आणि खेळणारं यंत्र यांत मोठा फरक आहे. कॅमेरॉन ब्राउन या संशोधकाच्या ‘लुडी’ या प्रणालीने २००७ मध्ये ‘यावलाथ’ नावाचा खेळ शोधला. चार सोंगट्या ओळीत आल्या तर जिंकलात, पण त्याआधी तीनच आल्या तर हरलात. इतका साधा आणि इतका बोचरा नियम यंत्राकडून आला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण लुडी नियमांची जुळवाजुळव करून ते खेळ स्वतःशीच खेळून बघत होती.

प्रोग्रॅमवरही डोळे झाकून विश्वास नको. एक पूर्ण डाव खेळीनुसार छापायला सांगा आणि तो पटावर हाताने खेळून बघा. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये उघड्या दुकानापुढेही ठेला लागत होता! चौघांच्या खेळात पहिला खेळाडू हजारांतले २५० च्या आसपास डाव जिंकायला हवा. २६० आले तर नशिबाचा भाग समजा, ३४० आले तर पहिल्या पाळीला फाजील फायदा आहे.

पायरी ५: माणसं बसवा आणि तोंड बंद ठेवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. रामबागेत आत्याकडे आम्ही पट मांडला: आत्या, तिची नात, शेजारचे काका-काकू. मी कोपऱ्यात वही घेऊन. कुठला नियम दोनदा विचारला जातो, कोण कंटाळून मोबाइल बघतं, हात कुठे थांबतो, हे लिहायचं. समजावायला मध्ये पडायचं नाही, कितीही जीव तळमळला तरी.

नातीला ओटाच मिळेना. डोळे भरून आले तिचे. तेव्हा आत्या म्हणाली, ‘ये गं, माझ्याच ओट्यावर लाव तुझी शिकंजी. सराफ्यात काय कुणी कुणाला हाकलतं?’ नियमात हे नव्हतं. हजार डावांतही हे कधी दिसलं नसतं, कारण प्रोग्रॅममधल्या खेळाडूला कुणाची दया येत नाही. त्या रात्री ‘शेजारधर्म’ हा नियम जन्मला: ओटा वाटून घेता येतो, गिऱ्हाईकही अर्धं अर्धं.

दुसऱ्या दिवशी तो एआयपुढे ठेवला. दोघांनी कायमची जोडी केली तर बाकीच्यांची वाट लागेल, हे त्याने दाखवलं. मग मी अट घातली, एका डावात एकदाच. कल्पना आत्याची, फट दाखवली यंत्राने, निर्णय माझा. कामाची ही वाटणी मला सर्वांत पटली आहे.

एका वेळी एकच नियम बदला. दोन बदललेत तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, कळणार नाही.

पायरी ६: चित्रं आणि नियमपुस्तिका

चित्रं शक्यतो गावातल्या चित्रकाराकडून काढून घ्या. एआयकडून काढलीत तर तपासा. राजवाडा सात मजली आहे, चित्रात मजले मोजा. खेळाच्या नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, तुमच्या शब्दांना आणि चित्रांना मिळतो. म्हणून नियमपुस्तिका स्वतःच्या मराठीत लिहा.

शेवटी तो डबा अशा घरी द्या जिथे तुमचा खेळ कुणी पाहिलेला नाही. पुस्तिका आत ठेवा आणि बाहेर अंगणात जाऊन बसा. आतून ‘आता काय करायचं?’ अशी हाक आली की वही उघडा. ज्या वाक्याशी ते अडले, ते घरी जाऊन पुन्हा लिहायचं आहे.